परक्या वेलीला मुलखाचे नाव

वसमतच्या मोंढ्यात हळदीची आवक सुरू झाली की आडतीच्या दुकानांपुढे पोत्यांच्या थप्प्या लागतात. तिथे एखाद्या शेतकऱ्याला विचारा, "मामा, हळद कोणती आणलीत?" बहुतेक वेळा उत्तर येते, "सेलम." आता हे सेलम आहे कुठे? ते आहे तमिळनाडूत. तिकडच्या मुलखावरून त्या वाणाला हे नाव मिळाले. पण आपल्या काळ्या रानात, कालव्याच्या पाण्यावर पिकलेल्या, इथल्याच माणसांनी शिजवून, वाळवून बाजारात आणलेल्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते मात्र 'वसमत हळद' या नावाने. मग ही हळद सेलमची म्हणायची की वसमतची? वर्गातल्या एखाद्या चुणचुणीत पोराने हा प्रश्न विचारला, तर गुरुजींनाही क्षणभर थांबावे लागेल.

प्रश्न एकट्या हळदीचा नाही. २०१६ साली मराठवाड्यातल्या तीन फळांना असेच मानांकन मिळाले: जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ आणि मराठवाड्याचा केसर आंबा. यांतल्या मोसंबीचे नावच आफ्रिकेतल्या मोझांबिक देशावरून पडलेले. सीताफळाचे मूळ घर अमेरिका खंडात. केसर आंबा गुजरातेत, जुनागढच्या गिरनाराकडचा. तिन्ही पाहुणे, आणि तिघेही आज घरचे झालेले.

पाहुणा घरचा कसा होतो, हे नीट समजून घ्यायचे तर एक लांबचे उदाहरण घेऊ. ते आहे जपानमधल्या 'कोशू' नावाच्या द्राक्षाचे. इतक्या लांबचे उदाहरण कशाला, असे तुम्ही म्हणाल. त्याला कारण आहे. अशीच एक परदेशी वेल आपल्या मराठवाड्यातही शेकडो वर्षांपूर्वी आली होती, रुजली होती, तिचे नावही झाले होते. जपानने आपली वेल राखली. आपली कुठे गेली, हे आज नीट सांगायलाही फारसे कोणी उरलेले नाही.

एक खुलासा आधीच करून टाकतो. कोशूपासून जपानी लोक वाइन करतात, तेव्हा या भाषणात वाइनचा उल्लेख वारंवार येईल. तो कोणाला प्यायला शिकवण्यासाठी नव्हे. दारूने उठलेले संसार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. इथे विषय शेतीचा, वाणाचा आणि नावाचा आहे. तरीही या बाबतीत एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याच्या अधिकाऱ्याची कामे सांगितली आहेत. त्यात द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मद्याला 'मधु' म्हटले आहे, आणि ते ज्या मुलखातून येते त्यावरून त्याची नावे दिली आहेत, कापिशायन आणि हारहूरक. म्हणजे मालाला मुलखाचे नाव लावण्याची रीत आपल्याकडे तेव्हाही माहीत होती. मानांकनाचा कायदा १९९९ साली आला, एवढाच काय तो फरक!

आता आपल्या वेलीकडे वळू. छत्रपती संभाजीनगरजवळचा देवगिरीचा किल्ला, म्हणजेच दौलताबाद, तुम्ही पाहिला असेल; शाळेच्या सहली तिथे जातातच. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दिल्लीहून तिथे हलवली, हे इतिहासाच्या पुस्तकात असते. द्राक्षशेतीच्या पुस्तकात त्याच घटनेची दुसरी बाजू सापडते. दक्षिणेत द्राक्षाची लागवड पसरली ती या स्थलांतरापासून, असे त्यात सांगतात. इराण-अफगाणिस्तानकडच्या वेली आधी उत्तरेत आल्या आणि माणसांबरोबर दौलताबादला पोचल्या. त्याच शतकात इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादला आला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे, की या शहरात द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि त्यांना वर्षातून दोनदा फळ येते.

या 'दोनदा'वर थोडे थांबू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. द्राक्षाची वेल मूळची थंड हिवाळ्याच्या मुलखातली. तिकडे हिवाळ्यात तिची पाने गळतात, ती झोपी जाते, वसंतात उठते आणि शरदात फळ देते. वर्षाला एकच पीक. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडीच नाही. त्यामुळे छाटली की ती फुटते, पुन्हा छाटली की पुन्हा फुटते. इब्न बतूताने जे नवल म्हणून टिपले, त्याच्यावरच आजची महाराष्ट्राची द्राक्षशेती चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, त्या फुटीवर काडी तयार करायची. मग ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी करायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घड उतरवायचे. छाटण्या दोन, पण पीक एकच घेतो. का? तर पावसाळ्यात घड धरला तर केवडा रोग त्याला राहू देत नाही. म्हणून आपण कात्री चालवून पावसाळा चुकवतो. ही युक्ती ध्यानात ठेवा. जपान्यांना ती करता येत नाही.

दौलताबादच्या त्या बागांतून हबशी, फकडी, साहेबी अशी वाणे नावारूपाला आली. साहेबीत एक पांढरी साहेबी होती. नाशिककडे भोकरी नावाचे पांढरे, बियांचे द्राक्ष जुन्या काळी घरोघर माहीत होते. वेलीला भरपूर लागायचे, पण टिकायला आणि गोडीला बेताचे. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी पांढऱ्या साहेबीच्या रोपांतून निवड करून एक वाण काढले; त्याला पुढे 'चीमा साहेबी' म्हणू लागले. म्हणजे पाहुण्या वेलीच्या पोटी इथे जन्मलेली लेकच ती. पण तिचे राज्य फार टिकले नाही. हैदराबादकडून 'अनाब-ए-शाही' हे टपोरे द्राक्ष आले, आणि पाठोपाठ बिनबियांचे थॉम्पसन आले. बिनबियांच्या द्राक्षापुढे बियांचे द्राक्ष कोण खाणार? बागाच्या बागा बदलल्या. थॉम्पसनच्या कुळातूनही आपल्या शेतकऱ्यांनी नजर ठेवून वेगळ्या फांद्या हेरल्या. तासगावकडे 'तास-ए-गणेश' निघाले, सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' हे वाण पुढे आणले. ही मोठीच कामगिरी आहे, तिला कमी लेखू नये. तरी दौलताबादची साहेबी बाजारातून गेली ती गेलीच. तिला कोणी उपटून टाकायचे ठरवले नव्हते. तिचा दुसरा काही उपयोग कोणी शोधला नाही, एवढेच झाले. खाण्यात ती मागे पडली, आणि खाण्याखेरीज तिला काम नव्हते.

आता जपानला जाऊ. टोकियोच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर यामानाशी नावाचा जिल्हा आहे. दक्षिणेला फुजी पर्वत, चारी बाजूंनी डोंगर, आणि मधे कोफूचे खोरे. या मुलखाला पूर्वी काई प्रांत म्हणत आणि त्याचेच दुसरे नाव कोशू. द्राक्षालाही तेच नाव पडले. म्हणजे आपल्याकडे एखाद्या वाणाला नुसते 'मराठवाडा' म्हणावे, तसे. खोऱ्याच्या पूर्वेला कात्सुनुमा हे गाव आहे. कोशूचे ते माहेर.

ही वेल तिथे कशी आली, याबद्दल दोन कथा आहेत. पहिलीप्रमाणे सन ७१८ मध्ये ग्योकी नावाच्या बौद्ध भिक्षूला ध्यानात द्राक्षाचा घड धरलेल्या बुद्धाचे दर्शन झाले. त्याने तशी मूर्ती घडवली आणि लोकांना लागवड शिकवली. कात्सुनुमाच्या दाइझेन्जी मंदिराशी ही कथा जोडलेली आहे, आणि तिथल्या वैद्यराज बुद्धाच्या हातात द्राक्षाचा घड असतो. दुसरी कथा सन ११८६ मधली. अमेमिया कागेयू नावाच्या गावकऱ्याला डोंगराच्या वाटेवर एक वेगळीच वेल दिसली, ती त्याने घरी आणून लावली आणि वाढवली. मला स्वतःला ही दुसरी कथा अधिक आवडते. तिच्यात चमत्कार नाही, रोजच्या वाटेवरचे झाड नीट बघणारा एक शेतकरी आहे.

कथा कथांच्या जागी; पण शास्त्रज्ञांनी कोशूच्या पानातला आनुवंशिक द्रव्य तपासले, तेव्हा काय निघाले? या वेलीचा सुमारे सत्तर टक्के वारसा युरोप-पश्चिम आशियातल्या द्राक्षाचा आहे, आणि उरलेला पूर्व आशियातल्या रानद्राक्षाचा. म्हणजे पश्चिमेची वेल व्यापाराच्या वाटेने मजल दरमजल करीत चीनकडे आली, वाटेत तिचा रानवेलीशी संकर झाला, आणि मग ती समुद्र ओलांडून जपानला पोचली. दौलताबादच्या द्राक्षाचे मूळही त्याच पश्चिमेकडच्या कुळात आहे. एक शाखा दक्षिणेला आपल्याकडे वळली, दुसरी उगवतीच्या टोकाला गेली. दोघी दूरच्या बहिणीच म्हणा ना.

रानवेलीकडून कोशूला एक गोष्ट मिळाली असावी, ती म्हणजे जाड साल आणि ओल सोसायची ताकद. आपण मघाशी म्हटले, की आपण छाटणी करून पाऊस चुकवतो. जपानमध्ये हिवाळा कडक, तेव्हा वेलीला झोपावेच लागते. ती वसंतात फुटणार, जून-जुलैत तिकडचा पावसाळा लागणार, सप्टेंबरात समुद्राकडून वादळे येणार, आणि त्यातूनच घड पिकून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात काढणीला येणार. फ्रान्समधली पातळ सालीची नाजूक वाणे अशा ओलीत कुजून जातात. कोशू तग धरते. ती तिथली झाली याचे पहिले कारण हे: त्या हवेत ती जगली.

दुसरे कारण माणसांच्या हाताचे. कोशूची वेल मांडवावर चढवतात. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर तारांचे जाळे, त्यावर वेल पसरलेली, आणि खाली घड लोंबणारे. आपल्या जुन्या नाशिककरांना हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. आपला द्राक्षाचा मांडव तो हाच. जमिनीच्या ओलीपासून घड उंच राहतात आणि खालून वारा खेळतो. एका वेलीला खूप मोठा पसारा देता येतो. त्याशिवाय कित्येक बागांत प्रत्येक घडावर मेणकागदाची छोटीशी टोपी बसवतात, म्हणजे पावसाचे पाणी मण्यांवरून न ओघळता टोपीवरून खाली जाते. एकेका घडाला टोपी! बागेत घड हजारो. हे काम म्हातारीकोतारी माणसे मान वर करून, हात उंच धरून दिवसचे दिवस करतात. आपल्याकडे घड विरळणीला बसलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या कष्टाची कल्पना येईल.

शेकडो वर्षे कोशू खाण्याचेच फळ होते. आजच्या टोकियोला ते घोड्यांच्या पाठीवरून जायचे. वाइनचा विचार आला तो जपानने पाश्चात्त्य विद्या शिकायला घेतली तेव्हा. १८७७ साली कात्सुनुमाच्या परिसरातल्या लोकांनी एक कंपनी काढली आणि ताकानो मासानारी व त्सुचिया र्यूकेन या दोन तरुणांना वाइन शिकण्यासाठी फ्रान्सला पाठवले. शेतकरी मुलखातली ही पोरे, भाषा येत नाही, वर्ष-दीड वर्षात सगळे शिकून यायचे. ती त्र्वा नावाच्या फ्रेंच शहरात राहिली, द्राक्षमळ्यात आणि तळघरात काम करून शिकली, आणि १८७९ साली परतली. कंपनी पुढे फार वर्षे चालली नाही, कारण जपानी लोकांना ती आंबट-तुरट चव रुचेना. पण शिकून आलेल्यांची विद्या गावात राहिली.

वाइन होते कशी, हे गुरुजींना मुलांपुढे मांडता यावे म्हणून दोन शब्द सांगतो. फळाच्या सालीवर आणि हवेत किण्वाचे सूक्ष्म जीव असतात. रस उघडा ठेवला की ते त्यातली साखर खातात आणि तिचे दोन पदार्थ करतात, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू. इडलीचे पीठ फुगते त्यात असाच वायू कोंडलेला असतो. साखर जितकी जास्त, तितका मद्यार्क जास्त. कोशूची अडचण अशी, की तिच्यात साखर बेताची असते. त्यामुळे वाइन करणारे पुष्कळदा रसात थोडी साखर घालतात. आणखी एक गंमत. कोशूला पांढरे द्राक्ष म्हणतात, पण पिकलेला मणी फिकट गुलाबी-जांभळा दिसतो. मग पांढरे कसे? रंग सालीत असतो, रसात नाही. साल लगेच काढून नुसता रस आंबवला की पांढरी वाइन, साल रसात राहू दिली की रंगीत. मुलांना काळे द्राक्ष सोलून दाखवा, आतला गर फिकटच निघेल.

मधली काही वर्षे कोशूची वाइन म्हणजे साखर घातलेले गोड पेय, एवढीच तिची ओळख होती. दुसऱ्या महायुद्धात तर वेगळेच घडले. द्राक्षाच्या रसात जे आम्ल असते, तेच आपल्या चिंचेतही असते. त्याला टार्टारिक आम्ल म्हणतात. त्यापासून एक क्षार बनतो, आणि त्याच्या स्फटिकावर आवाजाचा दाब पडला की त्यात वीज उत्पन्न होते. पाण्याखालच्या पाणबुडीचा आवाज टिपायच्या यंत्रात हे स्फटिक लागत. म्हणून जपानी आरमाराने वाइन करणाऱ्यांना उत्तेजन दिले. हवे होते ते आम्ल, वाइन आपोआप निघत होती. इतर कितीतरी धंदे त्या काळात बंद पडले, पण द्राक्षमळे टिकले ते असे. नशिबाचा भाग म्हणावा लागेल. पण अशा वेळी हाताशी वेल असावी लागते, हेही खरेच.

चांगली वाइन म्हणून कोशूचे नाव झाले ते १९८० नंतर. तोवर तिच्याबद्दल तक्रार असायची, की चव पाणचट आहे, अंगच नाही. कात्सुनुमातल्या एका मोठ्या कंपनीने, मर्सियनने, फ्रान्समधली एक जुनी रीत कोशूला लावून पाहिली. किण्वाचे काम झाले की मेलेल्या पेशी तळाशी बसतात. त्याला आपण साका म्हणू. एरवी वरची वाइन लगेच काढून घेतात. या रीतीत ती हिवाळाभर त्या साक्यावरच ठेवतात. साक्यातले अंश हळूहळू उतरतात आणि पाणचटपणा जातो. आता नीट ऐका. कंपनीने ही रीत कुलूपबंद ठेवली नाही; गावातल्या इतर लहान कारखानदारांनाही ती सांगितली. आपलेच गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाईल याची भीती त्यांना नसेल का? असणारच. पण एकट्याच्या बाटलीने मुलखाचे नाव होत नाही, हे त्यांनी ओळखले. आज यामानाशीत ऐंशीहून अधिक वाइन कारखाने आहेत, त्यांतले बरेचसे घरगुती म्हणावेत इतके लहान.

नावाची कायदेशीर बाजू त्यानंतर आली. २०१० साली आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या यादीत कोशू हे वाण म्हणून नोंदले गेले, त्यामुळे युरोपात विकताना बाटलीवर वाणाचे नाव छापता येऊ लागले. २०१३ साली 'यामानाशी' हे जपानमधले वाइनचे पहिले भौगोलिक मानांकन ठरले. २०१८ पासून जपानी सरकारने नियम कडक केले. तोवर परदेशातून आणलेल्या द्राक्षरसाची वाइनसुद्धा देशी म्हणून खपत असे. आता 'जपान वाइन' म्हणायचे तर द्राक्षे सगळी जपानमध्ये पिकलेली हवीत, आणि गावाचे नाव लावायचे तर निदान ८५ टक्के द्राक्षे त्याच भागातली हवीत व वाइनही तिथेच झालेली हवी. आपल्याकडे बाहेरून हळद आणून चांगल्या गावाच्या नावाच्या पोत्यात भरणारे असतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्यांच्यासाठीच असे नियम असतात.

आपल्या नाशिकची तुलना इथे करावीशी वाटते. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, विंचूरला वाइन उद्यान झाले आणि नाशिकच्या वाइनलाही भौगोलिक मानांकन मिळाले. नाशिकचे शेतकरी हुशार आणि कष्टाळू, त्यांची वाइन परदेशी जाते, हे मान्य. पण तिच्यासाठी लावलेली पांढरी वाणे कोणती? शेनिन ब्लां, सोव्हिन्यो ब्लां. दोन्ही फ्रान्सची, अलीकडे आणलेली. बाटलीवर गाव आपले, वेल मात्र अजून पाहुणी. जपानलाही ती वाणे लावता आली असती, काहींनी लावलीही. पण जगाच्या बाजारात फ्रान्सचे द्राक्ष फ्रान्सपेक्षा बरे पिकवून दाखवणे अवघड असते. कोशू मात्र त्यांच्याखेरीज कोणाकडे नव्हती. पांढऱ्या साहेबीचे आपण असे काही केले असते तर चांगली वाइन झाली असती की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. करूनच पाहिले नाही. कदाचित वाइन नव्हे, बेदाणा, सरबत, शिरका यांतले काही साधले असते.

पण जपानचे सगळे सोन्यासारखे चालले आहे, असे चित्र मी उभे करणार नाही. यामानाशीतले द्राक्ष बागायतदार म्हातारे होत चालले आहेत आणि मुले टोकियोला जातात. त्यातच 'शाइन मस्कट' नावाचे हिरवे, टपोरे, बिनबियांचे करून विकता येणारे खाण्याचे द्राक्ष तिथे निघाले. कोशूला कारखानदार जो भाव देतो, त्याच्या कित्येक पट भाव त्याला मिळतो. बापाने कोशूचा मांडव राखला आणि मुलाने तो काढून शाइन मस्कट लावले, असे आज तिथे घडते आहे. थॉम्पसन आले तेव्हा आपल्या साहेबीचे झाले, तेच. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. घर त्याला चालवायचे असते. म्हणून काही वाइन कारखानदार आता स्वतः जमीन घेऊन कोशू लावू लागले आहेत. भाव वाढवून दिल्याशिवाय वेल राहणार नाही, हे त्यांना कळून चुकले आहे.

त्या शाइन मस्कटचीही एक कथा आहे. जपानच्या सरकारी संशोधन केंद्राने ते वर्षानुवर्षे खपून तयार केले, २००६ साली आपल्या देशात नोंदवले, पण बाहेरच्या देशांत ठरल्या मुदतीत नोंदवायचे राहून गेले. काड्या चीन आणि कोरियात पोचल्या. आज चीनमधली त्याची लागवड जपानपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि जपानला त्याचा एक पैसा मिळत नाही. एका अर्जाची ही किंमत.

अर्जाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या कामाच्या दोन गोष्टी सांगून ठेवतो. 'वसमत हळद' हे मानांकन झाले, म्हणजे प्रत्येक पोत्याला ते आपोआप लागत नाही. ज्याला ते नाव वापरायचे आहे, त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. आणि मानांकनाची मुदत दहा वर्षांची असते. पुढे नूतनीकरण करावे लागते. तालुक्याच्या कृषी कार्यालयात याची चौकशी करा.

दुसरी गोष्ट वाणाची. २००१ साली आपल्याकडे पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा झाला. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले किंवा स्वतः निवडून काढलेले वाण या कायद्याखाली त्याच्या किंवा गावाच्या नावे नोंदवता येते, आणि शेतकऱ्याला नोंदणीची फी पडत नाही. धान्याच्या वाणाला पंधरा वर्षे आणि झाडवेलींना अठरा वर्षे संरक्षण मिळते. नोंदणीसाठी मात्र त्या वाणाचे वेगळेपण सांगता आले पाहिजे: पान कसे, फळ कसे, केव्हा पिकते, कोणता रोग सोसते. इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण हे कोणी लिहूनच ठेवलेले नसते.

हे लिहिण्याचे काम गुरुजींना आणि मुलांना करता येण्याजोगे आहे. सुरुवात गावाच्या शिवारातल्या रायवळ आंब्यांपासून करा. कोणाच्या बांधावर खोबऱ्या आहे, कोणाचा शेंदऱ्या, कुठे शेप्या, कुठे गोटी. त्या नावांतच अर्धे वर्णन आलेले असते. मुलांनी वहीत झाडाची जागा, लावणाऱ्याचे ठाऊक असेल तर नाव, मोहराचा आणि पाडाचा महिना, कोयीचा आकार, रस की लोणचे, एवढे टिपावे. आजीआजोबांना विचारल्याखेरीज यातले निम्मे रकाने भरणार नाहीत, आणि ज्या झाडांना ही नावे पडली त्यांतली कितीतरी रस्ता रुंद करताना आणि बांध कोरताना तोडली गेली आहेत. उरली आहेत ती येत्या वैशाखात पाडाला येतील. तोवर वह्या आखून ठेवायला हरकत नाही.